जूनटीन्थची गोष्ट सांगायची असेल तर "बातमी उशिरा पोचली" इथून सुरू करू नका

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या वर्गात पालकांनी येऊन एखाद्या सणाबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं असं होतं, दिवाळी कोणीतरी आधीच घेतलेली, म्हणून मी म्हटलं आपण टेक्सासमध्ये राहतो तर जूनटीन्थ, म्हणजे १९ जूनचा गुलामगिरीतून सुटकेचा सण, घेऊ, सोपं आहे. रात्री अकराला बसून काहीतरी वाचलं, चार स्लाइड केल्या आणि दुसऱ्या दिवशी ठोकून दिलं की लिंकनने १८६३ मध्ये गुलामांना मुक्त केलं पण तेव्हा फोन नव्हता, इंटरनेट नव्हतं, त्यामुळे टेक्सासला बातमी पोचायला अडीच वर्षं लागली आणि ती पोचली तो दिवस १९ जून. बाई खूश, मुलं खूश. मग मागे बसलेला एक मुलगा शांतपणे म्हणाला, घोड्यावरून यायला अडीच वर्षं लागतात का?

बोलती बंद. वेळ मारून नेली कशीतरी, पण घरी येऊन कळलं की पोराने नेमकं बोट ठेवलं होतं. घोडा सोडा, तेव्हा तारायंत्र होतं, वर्तमानपत्रं होती, जहाजं होती. टेक्सासमधल्या वर्तमानपत्रांत लिंकनच्या जाहीरनाम्याबद्दल छापूनही आलं होतं. बातमी कधीच पोचली होती हो. उशिरा आली ती फौज.

पुढच्या वर्षी मी परत वेळ मागून घेतला आणि नीट तयारी करून गेले. ती तयारी कशी केली तेच इथे लिहितेय, शाळेत बोलायचं असेल, ऑफिसात कोणी विचारलं, किंवा भारतातून आलेल्या सासूबाईंना सांगायचं असेल की उद्या सुट्टी कसली आहे, तर कामी येईल.

सगळ्यात आधी नकाशा. स्लाइड नको, तारखा नको, नकाशा. १८६०च्या दशकातल्या अमेरिकेचा कोरा नकाशा प्रिंट करा आणि तीन रंगाच्या पेन्सिली घ्या. लाल रंगाने दक्षिणेतली ती अकरा राज्यं रंगवा जी देशातून फुटून निघाली होती आणि ज्यांचं उत्तरेशी यादवी युद्ध चाललं होतं, व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत. निळ्याने डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिझुरी, ही राज्यं फुटली नाहीत पण तिथे गुलामगिरी चालू होती, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मग लाल भागावर पिवळ्याने रेघा मारा, जिथे उत्तरेच्या फौजेने आधीच ताबा घेतला होता म्हणून जाहीरनाम्यातून वगळलं ते, म्हणजे अख्खं टेनेसी, लुईझियानातला न्यू ऑर्लिन्सच्या आसपासचा भाग, व्हर्जिनियातले काही जिल्हे. आता मुलांना विचारा, १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा यातल्या कुठल्या भागाला लागू होता?

फक्त उरलेल्या लालला. निळ्याला नाही, पिवळ्याला नाही. कारण लिंकनने तो सेनापती म्हणून काढलेला हुकूम होता, लढाईतला एक डाव, बंड केलेल्या राज्यांचं मनुष्यबळ काढून घ्यायचा. जी राज्यं आपल्या बाजूने होती त्यांना दुखवायचं नव्हतं. म्हणजे जिथे लिंकनचं चालत होतं तिथे लागू नाही आणि जिथे लागू तिथे त्याचं कोण ऐकतंय. हे अगदी शंभर टक्के खरं नाही, साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर उत्तरेची फौज आधीच होती आणि वगळलेल्या यादीत ती बेटं नव्हती, तिथले लोक त्याच दिवशी मोकळे झाले. शिवाय या जाहीरनाम्याने काळ्या माणसांना सैन्यात घ्यायचा रस्ता उघडला, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार जण उत्तरेच्या फौजेत लढले. त्यामुळे "नुसता कागद होता" असंही म्हणू नका. हुकूम निघणं एक आणि अंमल होणं दुसरं, आणि अंमल फौजेच्या पावलांनी पुढे सरकत होता, एवढं नकाशावर दिसलं की बास.

आता टेक्सास. नकाशावर बोट ठेवा, पार नैऋत्येला, मिसिसिपी नदीच्या पलीकडे. मोठ्या लढाया इकडे फारशा आल्याच नाहीत. उत्तरेच्या आरमाराने ऑक्टोबर १८६२ मध्ये गॅलव्हेस्टन बंदर घेतलं होतं, पण दक्षिणेच्या सैन्याने ते परत जिंकलं, आणि तारीख बघा, १ जानेवारी १८६३. ज्या दिवशी तिकडे वॉशिंग्टनमध्ये मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला, त्याच दिवशी ज्या गावात अडीच वर्षांनी तो खरा होणार होता ते गाव उत्तरेच्या हातून निसटलं. हा योगायोग मी कुठल्याही मुलाला सांगितला की तो एक क्षण गप्प होतो, म्हणून सांगतेय, नक्की वापरा.

आणि इथेच "बातमी नव्हती" वालं भूत उतरवून टाका. लुईझियाना, आर्कान्सा, मिसिसिपी इकडचे मळेवाले आपल्या गुलामांना घेऊन मुद्दाम टेक्सासला येत होते, कारण इथे उत्तरेची फौज नव्हती. माणसांचे तांडेच्या तांडे पायी चालवत आणले. १८६० च्या जनगणनेत टेक्सासमध्ये १ लाख ८२ हजारांच्या वर गुलाम होते, आणि १८६५ पर्यंत हा आकडा अंदाजे अडीच लाखांवर गेला असं इतिहासकार धरतात. आता सांगा, ज्याला जाहीरनामा माहीतच नाही तो माणूस कशाला पळतोय एवढा शेकडो मैल? मालकांना व्यवस्थित माहीत होतं. गुलामांपैकीही बऱ्याच जणांच्या कानावर होतं, पण माहीत असून करणार काय, पळालं तर कुत्री मागे सोडायचे. दक्षिण टेक्सासमधले काही रिओ ग्रांद नदी ओलांडून मेक्सिकोत पळायचे, मेक्सिकोने १८२९ मध्येच गुलामगिरी बंद केली होती. सॅन अँटोनियोच्या फेलिक्स हेवूड यांनी म्हातारपणी, १९३०च्या दशकात सरकारतर्फे जुन्या गुलामांच्या आठवणी लिहून घेत होते तेव्हा, सांगितलं होतं की आम्हाला काय, दक्षिणेकडे चालत राहिलं आणि नदी ओलांडली की सुटलो.

शब्दांबद्दल एक. शेजारच्या बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत, आम्ही इथल्या पद्धतीप्रमाणे त्यांना मिस लावून पहिल्या नावाने हाक मारतो, त्यांना मी माझं भाषण वाचून दाखवलं तर म्हणाल्या, सारखं सारखं गुलाम गुलाम नको म्हणूस, त्यांना गुलाम केलं होतं. मराठीत प्रत्येक वेळी "गुलाम केलेली माणसं" म्हणत बसणं जड जातं, इथेही मी सगळीकडे पाळलेलं नाही हे दिसतंच आहे, पण मुलांसमोर पहिल्यांदा तरी तसं म्हणा. एका शब्दाने फरक पडतो, मग मुलं "ते गुलाम लोक" असं वेगळ्याच जातीचे प्राणी असल्यासारखं बोलत नाहीत.

तारखा सांगायच्या त्या मोजक्याच. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या जनरल लीने व्हर्जिनियात अॅपोमॅटॉक्सला शरणागती पत्करली, बहुतेकांच्या डोक्यात युद्ध तिथे संपतं. पाच दिवसांनी लिंकनवर गोळी झाडली, १५ एप्रिलला सकाळी तो गेला. म्हणजे १९ जूनला लिंकन जिवंतच नव्हता, दोन महिने झाले होते जाऊन, अध्यक्ष होता अँड्र्यू जॉन्सन. हे सांगितलं की मोठी माणसंही दचकतात, कारण सगळ्यांच्या मनातल्या चित्रात लिंकन बाल्कनीत उभा असतो. टेक्सासकडची दक्षिणेची फौज मात्र अजून मोडली नव्हती, मे महिन्यात तर टेक्सासच्या टोकाला पाल्मिटो रँचला एक चकमकसुद्धा झाली. तिचा सेनापती जनरल कर्बी स्मिथ, त्याने २ जूनला गॅलव्हेस्टनच्या बंदरात शरणागतीच्या कागदावर सही केली. त्यानंतर अडीच आठवड्यांनी उत्तरेचा मेजर जनरल गॉर्डन ग्रेंजर सुमारे २ हजार सैनिक घेऊन गॅलव्हेस्टनला उतरला आणि १९ जूनला मुक्तीचा हुकूम काढला.

आता बाल्कनी. ग्रेंजरने अॅश्टन व्हिला नावाच्या बंगल्याच्या बाल्कनीतून हुकूम वाचला अशी गोष्ट सगळीकडे ऐकायला मिळते, चित्रंही आहेत, पण त्याला ठोस पुरावा नाही. त्याचं मुख्यालय स्ट्रँड आणि २२ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या ऑस्टरमन बिल्डिंगमध्ये होतं, ती इमारत आता नाही, तिथे स्मारकाची पाटी आहे. बाल्कनीचा मोह होतो मान्य आहे, मलाही झाला, पण सोडा.

त्यापेक्षा खरा हुकूम वाचा. माझ्या मते पंधरा मिनिटांतली पाच मिनिटं याला द्या, इतर सगळं कापलं तरी चालेल. त्याचं नाव जनरल ऑर्डर नंबर ३. चार-पाच वाक्यांचाच आहे. वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये हाताने लिहिलेली त्याची प्रत एका बांधीव वहीत आहे, २०२० मध्ये ती तिथल्या लोकांना शोधताना सापडली आणि तिचा फोटो बघायला मिळतो. तिरकं, घाईत लिहिलेलं अक्षर, इतर कुठल्याही सरकारी हुकुमांच्या रांगेत हा पण एक, आणि खाली ग्रेंजरची सही नाहीच, त्याच्या आज्ञेवरून मेजर एमरी नावाच्या अधिकाऱ्याचं नाव. फोटो मोठा करून दाखवा.

पहिलं वाक्य मी मराठीत असं वाचते: टेक्सासच्या जनतेला कळवण्यात येते की, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या जाहीरनाम्यानुसार सर्व गुलाम मुक्त आहेत. इथे थांबा. बहुतेक लोक इथेच टाळ्या वाजवून पुस्तक मिटतात, तुम्ही मिटू नका.

दुसरं वाक्य: याचा अर्थ पूर्वीचे मालक आणि गुलाम यांच्यात व्यक्तिगत हक्क आणि मालमत्तेचे हक्क यांची संपूर्ण समानता, आणि आजवर त्यांच्यात जो संबंध होता तो यापुढे काम देणारा आणि मजुरी घेणारा असा राहील. संपूर्ण समानता! १८६५ मध्ये, एका लष्करी हुकुमात, जिथे कालपर्यंत माणसाची किंमत वहीत लिहिली जायची तिथे. खुद्द लिंकनच्या जाहीरनाम्यात समानता हा शब्दच नाही. मुलांना हे वाक्य दोनदा वाचायला सांगा.

आणि मग शेवट: मुक्त झालेल्यांना सल्ला देण्यात येतो की त्यांनी आपल्या सध्याच्या घरी शांतपणे राहावं आणि मजुरीवर काम करावं, त्यांना लष्करी ठाण्यांवर जमू दिलं जाणार नाही, आणि तिथे किंवा इतरत्र आळसात बसलेल्यांना पोसलं जाणार नाही.

इथे मी मुलांना दोन प्रश्न विचारते. "सध्याचं घर" म्हणजे कुठलं घर? ते मालकाच्याच मळ्यावरचं खोपट. आणि आळशी कोणाला म्हणतायत? ज्यांनी जन्मभर फुकट कापूस वेचला त्यांना. यावर जास्त भाष्य करायची गरज पडत नाही, दहा वर्षांच्या पोरांना कळतं, उलट मोठ्यांनाच समजावून सांगावं लागतं. एकाच कागदावर संपूर्ण समानता पण आहे आणि "गपचूप जागेवर बसा" पण आहे, आणि पुढची शंभर वर्षं या दोन वाक्यांचीच मारामारी आहे.

दुसऱ्या दिवशी काय झालं हे सांगताना जरा जपून, मुलांचं वय बघून. काही मालकांनी लगेच सांगितलं, काहींनी पीक हातात येईपर्यंत सांगितलंच नाही, कारण जूनमध्ये कापूस शेतात उभा होता ना. निघून जाणाऱ्यांना मारहाण झाली, गोळ्या घातल्या, लोकांच्या आठवणींत हे सगळं आहे. मुक्त झालेल्यांना मदत करायला जी सरकारी कचेरी काढली होती, फ्रीडमेन्स ब्युरो, ती टेक्सासला पोचली सप्टेंबरमध्ये. लहान मुलांसमोर मी मारहाणीपेक्षा शोधाशोधीबद्दल बोलते. कारण मोकळं झाल्यावर कितीतरी लोकांनी पहिलं काम काय केलं तर चालत सुटले, बायको कुठे विकली होती, आई कुठल्या राज्यात राहिली, मुलं कुणाकडे गेली ते शोधायला. वर्तमानपत्रांत जाहिराती द्यायचे, न्यू ऑर्लिन्सहून निघणाऱ्या साउथवेस्टर्न ख्रिश्चन अॅडव्होकेटमध्ये तर हरवलेल्या माणसांचं सदरच होतं आणि पाद्र्यांना विनंती असायची की चर्चमध्ये हे मोठ्याने वाचा. मुक्ती होऊन दहा-पंधरा वर्षं उलटली तरी लोक शोधतच होते. त्यातली एखादी जाहिरात शोधून वाचा, आईचं नाव, भावांची नावं, कुठल्या मालकाकडून कुठल्या मालकाकडे गेलो ती साखळी, आणि शेवटी माझा पत्ता अमुक. वर्गात सुई पडली तरी ऐकू येईल.

मग सणाकडे वळा, नाहीतर नुसतंच रडगाणं होतं आणि तेही चुकीचंच, कारण हा दिवस आनंदाचा आहे. आणि एक मुद्दा ठासून सांगा, ग्रेंजरने सण केला नाही. तो हुकूम काढून पुढच्या कामाला लागला. सण केला ज्यांना मुक्त केलं त्यांनी, पुढच्याच वर्षी, १८६६ पासून. तेव्हा त्याला जुबिली डे म्हणायचे, बायबलमध्ये दर पन्नासाव्या वर्षी गुलामांना सोडायचं असं सांगितलंय त्यावरून. प्रार्थना, जाहीरनाम्याचं वाचन, भाषणं, बेसबॉल, घोड्यांच्या शर्यती, मांस भाजायचे खड्डे, आणि ज्यांनी स्वतः गुलामगिरी भोगली त्या म्हाताऱ्यांना मानाने पुढे बसवायचं. जून आणि नाइन्टीन्थ हे बोलता बोलता एकमेकांत घुसून जूनटीन्थ झालं, साधारण १८९०च्या दशकात छापील रूपात दिसायला लागतं. शेजारच्या बाई सांगतात त्यांची आजी नुसतं "द नाइन्टीन्थ" म्हणायची, महिना सांगायची गरजच नव्हती.

आता जागेचा प्रश्न. गावातल्या बागा-मैदानं काळ्या लोकांना मिळायची नाहीत, मग सुरुवातीला नदीकाठी, चर्चच्या आवारात जमायचे. ह्यूस्टनमध्ये १८७२ साली जॅक येट्स या पाद्र्याच्या पुढाकाराने, जो स्वतः व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मला होता, लोकांनी पैसे गोळा केले, १ हजार डॉलर, आणि १० एकर जमीन विकत घेतली, कशासाठी तर जूनटीन्थ साजरा करायला. मुक्त होऊन सात वर्षं झालेली, पोटाची मारामार, आणि वर्गणी काढून मैदान घेतलं! गणपतीची वर्गणी मागत दारोदार फिरलेल्या माणसाला यातली मेहनत वेगळी सांगायला नको. ते आजही आहे, इमॅन्सिपेशन पार्क. गंमत म्हणजे त्याच्या समोरच्या रस्त्याला कितीतरी वर्षं दक्षिणेच्या सैन्यातल्या डाउलिंग नावाच्या अधिकाऱ्याचं नाव होतं, ते बदलून इमॅन्सिपेशन अॅव्हेन्यू झालं ते थेट २०१७ मध्ये. ह्यूस्टनच्या जवळ असाल तर मुलांना तिथे घेऊन जा, आणि गॅलव्हेस्टनला गेलात तर समुद्रावर जायच्या आधी स्ट्रँडच्या त्या कोपऱ्यावर थांबा, तिथे २०२१ मध्ये अख्ख्या भिंतीवर मोठं चित्र काढलंय, त्याचं नावच अॅब्सोल्यूट इक्वॅलिटी, म्हणजे हुकुमातलं ते दुसरं वाक्य. आम्ही गेलो तेव्हा ऊन असं होतं की फोटो काढून गाडीत पळालो, त्यामुळे सकाळी जा.

कोणीतरी विचारणारच की बाकीच्या राज्यांचं काय, मुक्तीचा दिवस हाच का. बरोबर आहे, दिवस बरेच आहेत. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १६ एप्रिल, फ्लोरिडात २० मे, केंटकी-टेनेसीकडे ८ ऑगस्ट. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री लोक चर्चमध्ये जागत बसले होते जाहीरनामा लागू व्हायची वाट बघत, तेव्हापासून काळ्या लोकांच्या चर्चमध्ये वॉच नाइट चालत आलीय. टेक्सासचा दिवस देशाचा झाला कारण टेक्सासची माणसं देशभर गेली, विसाव्या शतकात दक्षिणेतून लाखो काळी कुटुंबं उत्तरेला आणि कॅलिफोर्नियाला कामासाठी गेली, आणि माणूस जातो तिथे आपला सण घेऊन जातो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

कायद्याचा भाग भराभर उरका. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग गेल्यावर दोनच महिन्यांनी गरिबांच्या मोर्चाचा मोठा दिवस वॉशिंग्टनला १९ जूनलाच झाला, तिथून सणाला परत जोर आला. ह्यूस्टनचे आमदार अल एडवर्ड्स यांनी १९७९ मध्ये विधेयक आणलं आणि १९८० पासून टेक्सासमध्ये राज्याची सुट्टी, असं करणारं पहिलं राज्य टेक्सासच. मग एकेक राज्य करत २०२१.

पण ओपल ली यांच्यापाशी मात्र थांबा, मुलांना गोष्टीत एक माणूस लागतो. जन्म १९२६, टेक्सासमधल्या मार्शलचा. १९३९ मध्ये त्यांच्या आईवडिलांनी फोर्ट वर्थमध्ये गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं, आणि काही दिवसांतच जमाव आला, घर फोडून जाळपोळ केली. तारीख १९ जून. ओपल बारा वर्षांची होती. ही बाई पुढे शिक्षिका झाली, आणि २०१६ मध्ये, वय ८९, फोर्ट वर्थहून वॉशिंग्टनच्या दिशेने चालायला निघाली, जूनटीन्थ देशाची सुट्टी व्हावी म्हणून. ठिकठिकाणी अडीच-अडीच मैल चालायच्या, अडीच वर्षांचे अडीच मैल. १७ जून २०२१ ला अध्यक्ष बायडन यांनी कायद्यावर सही केली तेव्हा त्या शेजारी होत्या. सेनेटमध्ये एकमताने, हाउसमध्ये ४१५ विरुद्ध १४. आणि २०२४ मध्ये जिथून कुटुंबाला हाकललं होतं त्याच प्लॉटवर त्यांना नवीन घर बांधून मिळालं. वर्गाबाहेर एक अडीच मैलांचा अंदाज द्या, शाळेपासून अमुक दुकानापर्यंत जाऊन परत, म्हणजे कळतं.

खाण्याचं काय न्यायचं हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. लाल. लाल सरबत, जास्वंदीचं किंवा स्ट्रॉबेरीचं, कलिंगड, रेड व्हेल्वेट केक. लाल रंग सांडलेल्या रक्ताची आणि चिवटपणाची आठवण म्हणतात, काही जण त्याचा धागा पश्चिम आफ्रिकेतल्या कोलानट नावाच्या बिया आणि जास्वंदीपर्यंत नेतात. शाळेत न्यायला कलिंगड सोपं, पण जपून हं, काळ्या लोकांना चिडवायला कलिंगडाचा वापर या देशात खूप वर्षं झालाय, त्यामुळे एकटं कलिंगड घेऊन तुम्ही पोचलात तर विचित्र दिसेल. मी स्ट्रॉबेरीचं सरबत नेलं. झेंडा लाल-पांढरा-निळाच असतो, मध्ये तारा आणि त्याभोवती स्फोटासारखी नक्षी, १९९७ मध्ये बेन हेथ यांनी केलेला, रंग मुद्दाम अमेरिकेच्या झेंड्याचे, की आम्ही याच देशाचे. "हॅपी जूनटीन्थ" म्हणायला काही हरकत नाही. कुणाच्या घरच्या किंवा चर्चच्या कार्यक्रमाला बोलावलं तर जा, खा, ऐका, आणि तिथे उभं राहून इतिहास सांगायला लागू नका, वर्गात सांगितला तेवढा पुरे.

सासूबाईंना सांगताना मला एक शॉर्टकट सापडला. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी लिहिलं त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना आहे. गॅलव्हेस्टननंतर जेमतेम आठ वर्षांनी. हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, अगं मग हे माहितीये मला, आणि पुढचा तासभर त्याच बोलत होत्या.

एक प्रश्न येतोच, तयार राहा: म्हणजे १९ जूनला अमेरिकेतली गुलामगिरी संपली? नाही. नकाशावरची निळी राज्यं आठवा. मेरीलँड आणि मिझुरीने स्वतःहून बंद केली होती, पण डेलावेअर आणि केंटकीत ती चालूच होती, ६ डिसेंबर १८६५ ला तेरावी घटनादुरुस्ती मंजूर होईपर्यंत. आणि आत्ताच्या ओक्लाहोमात जे आदिवासी राष्ट्रांचे प्रदेश होते तिथे १८६६ च्या तहांनंतर. त्या दुरुस्तीतही "गुन्ह्याची शिक्षा सोडून" अशी पाचर आहे, तिचा वापर करून पुढे कैद्यांना उसाच्या मळ्यांवर भाड्याने दिलं गेलं, पण हा विषय मोठ्या मुलांसाठी ठेवा, पंधरा मिनिटांत बसत नाही.

दुसऱ्या वेळी प्रश्न आला तो मला जमला. एका मुलीने विचारलं, हुकुमात मजुरी म्हटलंय तर आधीच्या वर्षांची मजुरी मिळाली का? नाही मिळाली. उलट वॉशिंग्टनमध्ये १८६२ ला गुलाम सोडले तेव्हा सरकारने पैसे दिले ते मालकांना, माणशी ३०० डॉलरपर्यंत. पण एकाने हिशोब मागितला होता. जॉर्डन अँडरसन, टेनेसीचा, मुक्त होऊन ओहायोतल्या डेटनला गेलेला, त्याला जुन्या मालकाचं पत्र आलं की परत ये कामाला. ऑगस्ट १८६५ मध्ये त्याने उत्तर लिहून घेतलं, ते वर्तमानपत्रात छापून आलं. फार सभ्य पत्र आहे. म्हणतो, तुमचा हेतू खरा आहे का ते बघायला आधी आमची मागची मजुरी पाठवा, माझी ३२ वर्षं महिना २५ डॉलरने, बायको मँडीची २० वर्षं आठवड्याला २ डॉलरने. मी फळ्यावर आकडे लिहिले आणि मुलांनाच गुणाकार करायला लावला, एकाने फोन काढला तर बाईंनी काढून घेतला. ९,६०० अधिक २,०८०, बरोबर ११,६८०, पत्रातही तेवढेच आहेत. पुढे तो म्हणतो, यावर व्याज लावा, आणि यातून आमच्या कपड्यांचा खर्च वजा करा, माझ्यासाठी डॉक्टर तीनदा आला होता तो, आणि मँडीचा एक दात काढला होता तो.

दात काढायला किती घ्यायचे तेव्हा, असं कोणीतरी विचारलं, आणि घंटा झाली.